शिकता शिकता संशोधन

बी.ए.ला किंवा बी.एस्सी.ला शिकत असलेल्या मुलामुलींना संशोधन करता येते काय, आणि येत असेल तर त्याची संधी शोधायची कोठे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आपल्याकडे ह्या बाबतीत दोन समजुती अगदी घट्ट रुजल्या आहेत. पहिली अशी की, संशोधन हे मोठ्या शिक्षणानंतरचे काम. आधी पदवी, मग एम.ए. किंवा एम.एस्सी., मग कोणी मार्गदर्शक मिळाला तर पीएच.डी., आणि तेव्हा कुठे संशोधन. तोवर मुलाने पुस्तकातले उत्तर परीक्षेत उतरवावे. दुसरी समजूत अशी की, संशोधन पुण्या-मुंबईला व्हायचे. मंगरूळपीर, मानोरा, रिसोड इकडे काय ठेवले आहे? ह्या दोन्ही समजुतींना वाशीम जिल्ह्याचा इतिहासच आडवा येतो. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

१९३९ साली वाशीम येथील पंडित वासुदेवशास्त्री धनागरे ह्यांच्याजवळ तांब्याचे चार पत्रे होते, त्यांकडे विद्वानांचे लक्ष गेले. पत्र्यांवर जुन्या वळणाची अक्षरे कोरलेली होती. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे आणि डॉ. महाजन ह्यांनी त्यांचे वाचन करून त्याच वर्षी भारतीय इतिहास परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनात ते मांडले. पुढे नागपूरचे संस्कृतचे प्राध्यापक वा. वि. मिराशी ह्यांनी डॉ. महाजनांबरोबर त्याची पक्की आवृत्ती सिद्ध केली. देशपांडे हे नाव शिक्षकांच्या ओळखीचे असेल. यवतमाळच्या शारदाश्रमाशी ते निगडित होते आणि महानुभाव वाङ्मयावर त्यांनी पुष्कळ लिहिले. म्हणजे पाहा, पत्रे वाशीमचे, वाचणारे यवतमाळचे, तपासणारे नागपूरचे. सारे काम आपल्या विदर्भातच झाले.

त्या पत्र्यांवर होते तरी काय? वाकाटक वंशातल्या विंध्यशक्ती नावाच्या राजाने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी काही अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिले, त्याची ती सनद होती. गावाचे नाव आकासपद्द, आणि ते नांदिकडाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तरेकडील विभागात असल्याचे लिहिले आहे. सनद निघाली वत्सगुल्माहून. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. काळ धरायचा तर इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा उत्तरार्ध, म्हणजे सोळाशे वर्षांहून अधिक जुना. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गावासंबंधीचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात, त्या काळच्या लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत. आजही वकील मंडळी दस्ताचा मायना एका थाटात लिहितात आणि चतुःसीमा मात्र साध्या शब्दांत सांगतात, तसाच काहीसा हा प्रकार.

आणि त्या प्राकृत भागात शेतकऱ्याला चटकन कळेल अशी एक यादी आहे. ह्या गावात सैनिकांनी शिरू नये. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी गावकऱ्यांकडून फुले आणि दूध घेऊ नये. बसायला कातडी आणि पेटवायला कोळसा मागू नये. खाट मागू नये. मीठ खणण्यावरचा सरकारी हक्क येथे चालवू नये. ह्याचा उलटा अर्थ लावा म्हणजे इतिहास कळतो. ज्या गावांना अशी सनद मिळाली नव्हती, त्या गावांना हे सारे द्यावे लागत होते! साहेब गावात उतरला की कोणाच्या तरी घरची खाट उचलायची आणि दुधाचा तांब्या पोचवायचा, ही रीत इंग्रजांनी आणली असे कोणी म्हणू लागला तर त्याला वाशीमचा ताम्रपट दाखवावा. राजांच्या लढाया पाठ करून जे कळत नाही, ते अशा एका ओळीतून कळते.

आता ह्या शोधाने काय बदलले ते सांगतो. वाकाटकांची नागपूरकडची, नंदिवर्धनाची शाखा विद्वानांना ठाऊक होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेखही ठाऊक होता. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव ह्याने ते लेणे कोरविले आणि त्या लेखात वाकाटकांची वंशावळ दिली. पण त्या दगडाला पाणी लागून अक्षरे झिजली आहेत. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा मोठमोठ्या लोकांनी तो लेख वाचला, आणि जिथे अक्षर लागेना तिथे नागपूर शाखेतल्या राजांची नावे धरून वाचला. त्यामुळे दोन शाखांचा इतिहास एकात एक मिसळून गेला. वाशीमच्या ताम्रपटाने सांगितले की विंध्यशक्तीचा बाप सर्वसेन, आणि सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा. हे नाव हाती आल्यावर मिराशी पुन्हा अजिंठ्याच्या लेखाकडे वळले, आणि सर्वसेनाचे नाव त्या भिंतीवर होतेच! १९४१ साली त्यांनी लेखाचे नवे वाचन प्रसिद्ध केले. वत्सगुल्माची एक स्वतंत्र राजशाखा होती हे त्यातून निश्चित झाले. अजिंठ्याची ती सुंदर लेणी ज्या हरिषेणाच्या काळात कोरली गेली, तो हरिषेण ह्याच घराण्यातला. म्हणजे अजिंठ्याचा एक धागा वाशीमला बांधलेला आहे. आपल्या किती शाळांत हे सांगितले जाते, ते शिक्षकांनीच आठवून पाहावे.

तसे पाहिले तर वाशीमचे नाव संस्कृत ग्रंथांत पूर्वीपासून होते. राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात लावून दिले आहे. वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हणजे वत्सगुल्माची, असे एक नावही होते. राजा सर्वसेनाने हरिविजय नावाचे प्राकृत काव्य लिहिले होते. ते आज मिळत नाही, मात्र साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो. पण पुस्तकातले नाव आणि हातात घेता येणारा तांब्याचा पत्रा ह्यांत फरक आहे. पत्र्याने त्या नावाला जमीन दिली.

एखादा श्रोता म्हणेल, “ह्याचा कॉलेजच्या पोराशी काय संबंध, बाप्पा? शास्त्रीबुवा विद्वान, देशपांडे विद्वान, मिराशी तर महामहोपाध्याय!” प्रश्न रास्त आहे. संबंध असा की, ह्या कथेतले पहिले काम कोणत्याही विद्वत्तेवाचून होणारे होते. पत्रे कोणीतरी जपून ठेवले, ते मोडीत घातले नाहीत, आणि वाचता येणाऱ्या माणसापर्यंत पोचू दिले. तांब्याला भाव येतो. किती सनदा घागरी-परातींत वितळून गेल्या असतील, त्याचा हिशेब कोणाजवळही नाही. खेड्यातून कॉलेजला जाणारा मुलगा ह्या दोन टोकांच्या मधोमध उभा असतो. त्याला गावातल्या जुन्या पेटीत काय आहे ते कळू शकते, आणि कॉलेजात त्या पेटीचे महत्त्व समजणारा प्राध्यापकही भेटू शकतो. दुसऱ्या कोणाजवळ ही सोय नसते. (एक व्यवहाराची गोष्ट जाता जाता: जमिनीत पुरलेली जुनी नाणी किंवा पत्रे सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते बंधन घातले आहे. वस्तू लपवून ठेवल्याने गुन्हा घडतो आणि इतिहासही बुडतो.)

वाशीमपासून थोडे उत्तर-पूर्वेकडे कारंजाला या. कारंजा म्हटले की आपल्याला नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान आठवते. पण त्याच गावातल्या तीन जैन मंदिरांत हस्तलिखित पोथ्यांची भांडारे होती. रायबहादूर हिरालाल ह्यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची केली, ती १९२६ साली नागपूरला छापली. त्या सूचीत कारंजाच्या पोथ्यांची नोंद आली, आणि त्यांत अपभ्रंश भाषेतले ग्रंथ आहेत हे विद्वानांना कळले. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आपल्या आजच्या मराठी-हिंदी-गुजराथी ह्यांच्या मधली पायरी. ती पायरी पाहायला तोवर फारसे ग्रंथच नव्हते. मग कारंजा जैन ग्रंथमालेतून पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्यांनी १९३१ साली संपादून काढले. ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली आणि कनकामराचे ‘करकंडचरिउ’ १९३४ साली हिरालाल जैन ह्यांनी संपादिले. हे हिरालाल जैन निराळे, रायबहादूर निराळे, हे ध्यानात ठेवा. नावसारखेपणाने पुष्कळदा घोटाळा होतो. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवीत. बी.ए.च्या वर्गाला शिकविणारा प्राध्यापक शेजारच्या तालुक्याच्या गावातल्या पोथ्या उघडतो आणि भाषेच्या इतिहासातला एक मोठा कोनाडा उजळतो. त्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने “सर, मी पोथीची नक्कल उतरवून देऊ का?” असे विचारले असते, तर त्याच्या हाती काय पडले असते, ह्याचा विचार करावा. नक्कल उतरविणे, दोन प्रती ताडून पाहणे, शब्दांची सूची करणे ही कामे कंटाळवाणी खरी, पण संशोधनाच्या घरात शिरण्याचे दार बहुधा तेच असते. ते थोडे बुटके आहे, वाकून जावे लागते, इतकेच.

बरे, पदवीच्या वर्गात असतानाच स्वतःचे संशोधन केले, असा कोणी आपल्या मराठी मुलखात होऊन गेला काय? होऊन गेला, आणि तो शाळामास्तर झाला, म्हणून त्याची गोष्ट शिक्षकांना मुद्दाम सांगतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. रँग्लर र. पु. परांजपे ह्यांच्या नावाचे एक गणिताचे बक्षीस असे, आणि ते गुणांवर मिळत नसे. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने गणितात काही नवे काम केले तर मिळे. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. पदवी मागाहून आली, १९२९ साली. परीक्षेआधी बक्षीस आणि तेही नव्या कामाचे, हा क्रम आपल्या पालकांना उलटा वाटेल. १९३० पासून १९६२ पर्यंत कापरेकरांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तरकी केली. पुढली पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, शिष्यवृत्ती नाही. जवळ पाटी, आणि अंकांचे वेड.

त्यांचा एक शोध तुम्हांला आत्ता घरच्या घरी करून पाहता येईल, पेन्सिल घ्या. चार आकडे असलेली कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही आकडे सारखे नसावेत. वाशीमचा ताम्रपट उजेडात आला ते साल घेऊ, १९३९. त्याचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ९९३१. लहानाकडून मोठ्याकडे मांडा: १३९९. वजाबाकी करा: ८५३२. पुन्हा तसेच करा. ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४ उरतात. आता ह्याचे पुन्हा करा: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. संख्या तिथेच थांबली. तुम्ही कोणतीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ती ६१७४ वर येऊन बसते. मधे एखादी वजाबाकी तीनच आकड्यांची आली तर पुढे शून्य मांडून चार आकडे करा, म्हणजे झाले. कापरेकरांनी हे १९५५ साली अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ नावाच्या नियतकालिकात छापले. ही संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. त्यांच्या नावाच्या संख्याही आहेत: ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळवा, पुन्हा ४५.

आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांना हे खेळ वाटले, आणि कापरेकर आपल्या पुस्तिका स्वतःच्या पैशाने छापीत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. १९८६ साली ते वारले. माझे मत विचाराल तर त्या कॉलेजातल्या बक्षिसाचा वाटा ह्यात मोठा आहे. विशीतल्या मुलाला कोणीतरी एकदा सांगितले की, तू केलेले हे काम नवे आहे. तेवढ्या एका वाक्यावर मनुष्य तीस-तीस वर्षे देवळालीत बसून काम करतो.

दूरच्या मद्रासेतला एक प्रसंग थोडक्यात सांगतो. १९२८ साली आर्नोल्ड सोमरफेल्ड नावाचे जर्मन पदार्थवैज्ञानिक तेथे आले होते. प्रेसिडेन्सी कॉलेजातला अठरा वर्षांचा एक विद्यार्थी त्यांचे पुस्तक वाचून तयार होता. तो सरळ त्यांच्या हॉटेलावर गेला. सोमरफेल्डांनी त्याला सांगितले की, तू वाचलेले शास्त्र जुने झाले. आणि आपल्या नव्या लेखाची छापखान्याची मुद्रिते त्याच्या हाती दिली. त्यांच्या आधारे त्या मुलाने स्वतःचा लेख लिहिला, तो १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात छापून आला. तो मुलगा म्हणजे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हॉटेलावर जायला धीर लागतो, हे सगळे सांगतात. पण आधी पुस्तक वाचलेले लागते, ते मात्र सांगायचे राहून जाते.

आता एका मुलीची गोष्ट. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. त्यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाईंनी तो नकार मुकाट्याने घेतला नाही; समोर जाऊन प्रवेश मागितला. अखेर एक वर्ष परीक्षणाखाली ठेवून त्यांना घेतले. तेथे श्रीनिवासय्या ह्या शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये ह्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. आपल्या तुरी-मुगाच्या मुलखाला हा विषय किती जवळचा आहे पाहा. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य असते हे त्यांनी दाखविले होते. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या, आणि नीरेतल्या पोषणद्रव्यांवर त्यांनी केलेले काम गरीब वर्गाच्या आहाराच्या दृष्टीने मोलाचे ठरले. त्यांचे काम पाहिल्यावर रामन ह्यांच्या संस्थेचे दार मुलींना उघडले. रामन थोर होते ह्यात शंका नाही. त्या दिवशी ते चुकले ह्यातही शंका नाही. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात.

परंतु एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्याच संस्थेत शिकलेले होते. दार कोठे आहे हे त्या घराला आधीपासून ठाऊक होते. मानोऱ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला ते कोणी सांगावे? तिच्या घरी कॉलेजात जाणारी ती पहिलीच असते. सुटीत घरी तूर सोंगायला माणूस हवे असते. पुण्याला दोन महिने राहायचे तर भाडे आणि खानावळ ह्यांचे काय? हुशारीत ती कमी नसते. तिच्यापर्यंत बातमी पोचत नाही, आणि पोचली तरी प्रवासखर्चावर अडते. म्हणून ह्यापुढचे बोलणे मी शिक्षकांनाच उद्देशून करतो. काका आणि वडील ह्यांच्या जागी तिथे शिक्षकच असतो.

आज दारे पूर्वीपेक्षा जास्त आहेत, आणि त्यांतली काही भाडेही देतात. आपल्या देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, बंगळूरची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला एखाद्या शास्त्रज्ञाजवळ दोन महिने काम करायला मिळते, आणि त्यासाठी विद्यावेतन असते. ही योजना शिक्षकांनाही खुली आहे, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते! मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ नावाची संशोधन स्पर्धा असते. तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा आहे, आणि शास्त्रांबरोबर भाषा, वाणिज्य, शेती ह्यांनाही जागा आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या, कक्षेत वाशीम जिल्हा येतो. तेव्हा त्या स्पर्धेची सूचना आपल्या कॉलेजच्या फलकावर लागायला हवी. लागली नसेल तर कार्यालयात जाऊन विचारावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट ठेवली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळाल्यास तिकडे जाता येते. परदेशातही ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेने पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात घेण्याची रीतसर योजना १९६९ साली काढली. कापरेकरांचे बक्षीस त्याच्या कितीतरी आधीचे!

प्राध्यापकाला पत्र कसे लिहावे, हेही मुलांना कोणी शिकवीत नाही. “मला संशोधनाची फार आवड आहे, कृपया संधी द्यावी” असे पत्र लिहिले की ते बाजूला पडते. अशी पत्रे त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्याऐवजी त्या प्राध्यापकाचा एक लेख आधी वाचावा, समजेल तेवढाच का होईना. मग लिहावे की, अमुक पानावर आपण असे म्हटले आहे, ते मला नीट उमगले नाही. आमच्या गावाकडे असे दिसते. ह्याबाबतीत मी काही मोजून किंवा उतरवून पाठवू काय? पत्र अर्ध्या पानाचे असावे. उत्तर नाही आले तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण द्यावी, आणि तरीही नाही आले तर राग न धरता दुसऱ्याला लिहावे. आपल्याच कॉलेजातल्या प्राध्यापकाला विचारायला तर पत्रही लागत नाही. वर्ग सुटल्यावर पाच मिनिटे थांबले की पुरते. मात्र काम मिळाल्यावर मध्येच सोडू नये. एकाने अर्धवट सोडले की पुढच्या दहा मुलांना “नको रे बाबा” ऐकावे लागते.

आणि विषय? विषयाला वाशीम जिल्ह्यात तोटा नाही. कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे. तिथल्या कळपांची ऋतूप्रमाणे नोंद ठेवणे हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि अकोल्याला कृषी विद्यापीठ. सोयाबीन आणि तुरीच्या ओळींतले अंतर, बियाण्याची उगवण, शेंगेतली अळी हे प्रश्न बापाच्या शेतातच उभे असतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर २०२० च्या जूनमध्ये एकाएकी गुलाबी झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले. पण पाणी कोणत्या दिवशी बदलले, पाऊस किती होता, काठ किती मागे सरला, ह्याची रोजची नोंद काठावरच्या विद्यार्थ्यानेच ठेवायला हवी. संस्था पुण्याला असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याला जाता येईल. तेथे वाकाटक राजा देवसेनाच्या वेळचा शिलालेख सापडला. त्यात शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८ च्या सुमाराचा काळ दिला आहे. वाकाटकांच्या लेखांत एरवी राजाच्या कारकिर्दीचे वर्ष येते, आणि त्यावरून काळ ठरविणे फार अवघड जाते. येथे शकाचे वर्षच मिळाल्याने साऱ्या वंशाच्या कालगणनेला एक खुंटा मिळाला. लेखात स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याचे नाव येते आणि सुदर्शन नावाच्या तळ्याचे. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात पाणी अडवून तळे बांधले, त्याला नाव दिले आणि त्याचा लेख कोरला. आज जलसंधारणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे वाचण्यासारखे आहे. तळ्याचा बांध कोठून कोठे असावा, पाणी कोणत्या नाल्याचे येत असावे, हे पाहायला भूगोलाचा विद्यार्थी, इतिहासाचा विद्यार्थी आणि गावातला एक जाणता शेतकरी असे तिघे मिळून गेले तर बरे.

वाशीमच्या ताम्रपटातली गावांची नावेही अशीच आहेत. दान दिलेल्या आकासपद्दाच्या जवळ ताकालखोप्पक नावाचे गाव होते. विद्वानांनी ही नावे आजच्या गावांशी जुळवून पाहिली आहेत. पण टाकळी नावाची गावे आपल्याकडे पैशाला पासरी, आणि जुने नाव गावाला सोडून एखाद्या शेताला, नाल्याला किंवा ओसाड पांढरीला चिकटून राहिलेले असू शकते. नकाशावर ते सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक शिवारातल्या शेतांची, पाणवठ्यांची, ओसाड गावांची नावे गावोगाव फिरून लिहून काढावी लागतील. कोण सांगतो, कोणत्या शेताविषयी सांगतो, आणि तो शब्द नेमका कसा उच्चारतो, हे त्याच जागी वहीत उतरवून घ्यावे. घरी येऊन आठवणीने लिहू नये. गावाचा नकाशा तलाठ्याकडे पाहायला मिळतो. म्हाताऱ्या माणसांना विचारायचे तर पेरणी आणि सोंगणीचे दिवस टाळून जावे, दुपारी पारावर ती निवांत भेटतात.